पोपटी ठिपक्याचं घड्याळ

घड्याळं तुम्ही नेलीत.

माझ्या बापानं, म्हणजे धोंडीराम सनदीनं नाही. तुम्ही. तुमचं नाव मी इथं लिहीत नाही. नाव लिहिलं की तुम्ही वकिलाला पुढं कराल आणि मग मला त्याच्याशी बोलावं लागेल. मला तुमच्याशी बोलायचं आहे. ज्या गावात तुमच्या नावाची कमान उभी आहे, त्याच गावात माझ्या बापाला अजून घड्याळचोर म्हणतात. बाप जाऊन कितीतरी वर्षं झाली, शब्द काही गेला नाही. मला तो शब्द पुसायचा आहे, दुसरं काही नको.

मला कसं कळलं ते आधी सांगतो. मी काही शोधत गेलो नव्हतो. मी घड्याळ विकत घ्यायला गेलो होतो.

मिरजेत मार्केटच्या मागच्या बोळात दस्तगीरभाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक काचेचं कपाट, एक स्टूल आणि भिंतीभर लटकणारी बंद घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. मला तिथं माझ्या मुलीनं, जुईनं ओढत नेलं. ती तेव्हा नुकती पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली होती आणि पहिल्या पगारातून बापाला काहीतरी घ्यायचं तिच्या डोक्यात बसलं होतं.

"पप्पा, तुमच्या वयाच्या माणसाचं मनगट असं उघडं बरं दिसत नाही."

"वेल्डिंग करणाऱ्याच्या मनगटावर घड्याळ टिकत नाही," मी म्हणालो. लहानपणापासून तिला मी हेच सांगत आलो होतो.

"मग कामावर काढून ठेवा. आणि नवं घ्यायचं नाही हं. नवं सगळ्यांकडं असतं. जुनं, चावी द्यायचं. लोक शोधत फिरतात आता असली."

आमच्या घरात घड्याळ विकत घेतलं जात नाही, हे तिला माहीत नव्हतं. आईनं भिंतीवरचंसुद्धा काढून टाकलं होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा घड्याळाच्या दुकानाची पायरी चढत होतो, आणि चढतानाच मला तिथल्या माणसाचा संशय यायला लागला होता. जुन्या वस्तू विकणारा माणूस त्या आणतो कुठून, हा प्रश्न आमच्या घरातल्या माणसाला लवकर पडतो.

"या साहेब," दस्तगीरभाई म्हणाला. मेंदी लावलेली दाढी, डोळ्याला भिंग. ते त्यानं काढलंही नाही. "बघायला पैसे पडत न्हाईत."

"मी साहेब नाही."

"मग या पाव्हणं."

त्यानं मखमलीचा एक ट्रे पुढं सारला. चकचकीत घड्याळं. निळी, हिरवी, एक तर केशरी. मी एक उचललं.

"हे खरंच जुनं कशावरून?"

"जुनं हाय म्हणून तर स्वस्त हाय."

"स्वस्त नाहीये काका," जुई म्हणाली. ती फोनवर बरंच वाचून आली होती. "आणि डायल नंतर रंगवलीय. आकडे बघा किती जाड आलेत. केशरी डायल कधी निघालीच नव्हती ह्याच्यात."

दस्तगीरभाईनं भिंग काढून तिच्याकडं नीट बघितलं, मग माझ्याकडं. "पोरगी वकील हाय का?"

"नाही. कॉम्प्युटरमध्ये आहे."

"मग ठीक. वकील असती तर दुकान तिच्या नावावर करून मीच बाहेर बसलो असतो."

त्यानं तो ट्रे उचलला, आतल्या बाजूला गेला आणि बिस्किटाचा एक मोठा पत्र्याचा डबा घेऊन आला. मी बघत होतो. खरा माल आत ठेवणारा माणूस, म्हणजे काहीतरी आहे.

"हा माल वेगळा. ह्याला कुणी रंग न्हाई लावला, सुई न्हाई बदलली. चावी दिली की पळतंय. फक्त पट्टे मी नवीन घातल्यात, जुने कुजले होते."

"मग आत का ठेवता?"

"बाहेर ठेवलं की तुमच्यासारखे येऊन डायल रंगवली म्हणत्यात."

जुई हसली. मी हसलो नाही. डब्यात पांढऱ्या डायलची, साधी, सगळी जवळजवळ एकसारखी घड्याळं होती. एके काळी कामगार माणसाच्या हातात दिसायची तशी. मी एक घेतलं, चावी दिली, कानाला लावलं. चालत होतं. मनगटावर घातलं तर पट्टा पुरेना.

"हात हाय का खांब?" दस्तगीरभाई म्हणाला. "द्या, मोठा पट्टा घालतो."

त्यानं बारीक पेचकसानं पिना दाबल्या, पट्टा काढून बाजूला टाकला आणि नुसतं घड्याळ माझ्या हातात ठेवून तो पट्टे शोधायला वळला. पट्टा जिथं अडकवतात तिथं घड्याळाला दोन शिंगं असतात. त्या शिंगांच्या मधल्या बेचक्यात, जी जागा पट्ट्याखाली कायम झाकलेली असते, तिथं एक ठिपका होता. ऑइलपेंटचा. पोपटी.

तो रंग मी बनवलेला होता.

नीट सांगतो, कारण तुम्ही हेच पहिलं खोडून काढाल. तेव्हा मी तेवीस-चोवीस वर्षांचा, वेल्डिंगचं स्वतःचं शेड नुकतं टाकलेलं. एका डॉक्टरीणबाईंनी खिडक्यांच्या जाळ्यांना पोपटी रंग मागितला. मी हिरव्यात पिवळा कालवायला गेलो आणि पिवळा जास्त पडला. असा रंग झाला की बाई म्हणाल्या, ह्या खिडकीतून पेशंट आत यायचा नाही. डबा माझ्या अंगावर पडला. आमच्या सायकलीच्या कॅरिअरला तो लावला, न्हाणीच्या दाराच्या बिजागऱ्यांना लावला. त्या बिजागऱ्या आजही तशाच आहेत, येऊन बघा. त्यातलाच थोडा बापानं बामच्या रिकाम्या बाटलीत भरून कामावर नेला.

बाप तुमच्या कारखान्याच्या गेटवर होता. तुमच्या कारखान्यात कामगारानं घड्याळ घालून आत जायचं नाही, असा नियम होता. पट्टा मशीनमध्ये अडकतो, हात जातो, म्हणून. गेटच्या खोलीत भिंतीला पत्र्याचं कपाट, आत खिळे. आत जाताना माणूस घड्याळ काढून बापाकडं द्यायचा, भोंगा झाला की परत घ्यायचा. सगळी घड्याळं सारख्याच तोंडाची, रोज अदलाबदल, रोज भांडण. म्हणून बापानं युक्ती केली. पट्ट्याखाली, पट्टा वाकवल्याशिवाय कुणाला दिसणार नाही असा, खात्याप्रमाणे ठिपका. मशीनशॉपला पोपटी, ओतकामाला लाल. हा ठिपका फक्त बापाला आणि ज्याचं घड्याळ त्याला माहीत. आणि मला, कारण रंग माझा.

एका शनिवारी, पगाराच्या दिवशी, संध्याकाळचा भोंगा झाला. बापानं कपाट उघडलं. खिळे रिकामे होते. कुलूप तुटलेलं नव्हतं. किल्ली एकच आणि ती धोंडीरामाच्या कंबरेला, असं तुमच्या ऑफिसनं सांगितलं. त्यातच त्या आठवड्यात बापानं सगळ्यांना विचारलं होतं की घड्याळ बरोबर चालतं का, रोज घरी रेडिओच्या बातम्यांना मिळवून आणा, मला बघू दे कुणाचं मागं पडतं. झालं. कुठलं घड्याळ चांगलं ते हेरत होता, असं ठरलं.

तुम्ही स्वतः गेटवर आलात. सगळ्यांच्या देखत म्हणालात, "पोलिसांना बोलवा, पण त्याला कुणी हात लावू नका. लेकुरवाळा माणूस आहे." किती थोर मन. आणि दिवाळीला प्रत्येक कामगाराला कारखान्याकडून नवं घड्याळ दिलंत. लोकांनी तुम्हाला हार घातला.

पोलिसांना आमच्या घरात काही मिळालं नाही. बापाची नोकरी गेली. तो म्हणाला, "मी नाही घेतली," आणि त्यानंतर त्या विषयावर एक शब्द बोलला नाही. लग्नकार्यात तो शेजारी येऊन बसला की माणसं बोलता बोलता मनगटावर हात ठेवायची. मुद्दाम नाही हो, आपोआप. बापाला ते दिसायचं. एकदा आईनं ज्वारीचं पोतं तळापर्यंत उपसून बघितलं. बाप दारात उभा राहून बघत होता. उपसून झाल्यावर त्यानं खाली बसून सांडलेले दाणे वेचले आणि पोतं परत भरू लागला. आई रडत होती, तो भरत होता. मी दोघांना बघत होतो.

तो ठिपका आता माझ्या तळहातावर होता.

"मिळाला," दस्तगीरभाई मोठा पट्टा घेऊन वळला. "काळा चालंल?"

"हे कुठनं आणलंत?"

"पट्टा?"

"घड्याळ."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. "का?"

"विचारतोय."

"पाव्हणं, घड्याळ घ्यायला आलाय का घड्याळाची सोयरीक जुळवायला?"

"ह्या डब्यातल्या सगळ्यांचे पट्टे काढा."

"पप्पा, काय झालं?" जुईनं माझा दंड धरला.

"तुम्ही पोलिसातले हाय का?" दस्तगीरभाईनं डबा हळूच आपल्याकडं ओढला. "असाल तर तसं बोला. हितं चोरीचा माल येत न्हाई. आमच्या अब्बांपासनं दुकान हाय."

"मी पोलीस नाही. चोराचा मुलगा आहे," मी म्हणालो.

जुईचा हात माझ्या दंडावरून खाली आला.

मी त्याला सांगितलं. फार नाही, तीन-चार वाक्यांत. तो ऐकत राहिला. मग त्यानं पेचकस उचललं आणि डब्यातलं दुसरं घड्याळ घेतलं. पट्टा काढला. लाल ठिपका. तिसरं. पोपटी. चौथं, पोपटी. मग त्यानं पेचकस खाली ठेवलं.

"पट्टे घालताना बघितलं होतं मी," तो म्हणाला. "म्हटलं, दुकानदाराची खूण असंल. पुसायला गेलो न्हाई. पुसलं असतं तर?"

"कुणी दिलं?"

"बंगला पाडायला काढला होता. सगळं सामान निघालं. खाटा, झुंबरं, हरणाचं शिंग. मला बोलावलं भिंतीवरच्या मोठ्या घड्याळासाठी. निघताना बाईसाहेबांनी हा डबा दिला. म्हणाल्या, आमच्या साहेबांना घड्याळं जमवायचा नाद होता."

"कुठला बंगला?"

"फाटकावर दोन दगडी हत्ती होते."

आमच्या भागात फाटकावर दगडी हत्ती एकाच बंगल्याला होते. तुम्ही सगळे पुण्याला मुलाकडं राहायला गेलात आणि तिथं आता दुकानांचं कॉम्प्लेक्स झालंय.

"तवाच मला खटकलं," दस्तगीरभाई म्हणाला. "नाद असणारा माणूस एकावानी एक अशी डबाभर घड्याळं ठेवत न्हाई. नादवाल्याकडं दोन सारखी सापडत न्हाईत. पण मोठ्या घरात आपण काय विचारणार?"

मी ते पहिलं घड्याळ घेतलं. पैसे जुईनं दिले. तो घेत नव्हता, तिनं जबरदस्तीनं ठेवले. डबा मात्र मी तिथंच ठेवायला सांगितला.

"ह्यातलं एकही विकू नका."

"विकत न्हाई. कपाटात ठेवतो. कुणी आलं तर तुम्ही सांगाल तसं दाखवतो."

"उद्या मी कुठं लिहिलं, तर तुमचं नाव घालू का?"

"घाला की. त्याशिवाय दुकान कळणार कसं लोकांना?"

बाहेर बोळात आल्यावर जुई मोटरसायकलजवळ थांबली. मग म्हणाली, "वेल्डिंगचं कारण खोटं होतं."

"होय."

"मला आजोबांबद्दल कुणी काही सांगितलं नाही."

"सांगून काय मिळालं असतं? तूही मनगटावर हात ठेवला असतास."

हे मी तिला बोलायला नको होतं. तिनं ते गिळलं आणि विचारलं, "पण पप्पा, एवढ्या मोठ्या माणसाला कामगारांची साधी घड्याळं कशाला हवी होती?"

ह्या एका प्रश्नानं तुम्ही इतकी वर्षं वाचलात. तेव्हाही सगळे हेच म्हणाले होते. साहेबांना काय कमी आहे? उत्तर माझ्याकडं नव्हतं. म्हणून मी मोटरसायकल गावाकडं न नेता नलवडेकडं नेली.

नलवडे मशीनशॉपला टर्नर होता. बापाचा जिवाचा माणूस, एका ताटात जेवलेला, आणि त्या शनिवारी गेटवर बापाची कॉलर पहिल्यांदा धरणाराही तोच. त्यानंतर आमचं येणंजाणं संपलं. तो ओट्यावर बसला होता, पाय सुजलेले, शेजारी काठी. मला बघून उठायला गेला, उठता आलं नाही.

"वसंता? तू? आणि ही कोण, लेक का? बस, बस. आगं, चहा टाका."

"चहा नको."

मी घड्याळ त्याच्या हातात ठेवलं. पट्टा मी काढून खिशात घातला होता. त्यानं ते डोळ्यांजवळ नेलं, उलटं केलं, अंगठ्यानं ती बेचकी चाचपली. दिसतही नसेल त्याला, पण अंगठा बरोबर ठिपक्यावर थांबला.

"हे माझं न्हाई," तो म्हणाला. "माझ्या काचेला चीर होती. हे आमच्या खात्यातल्या रंगरावचं असंल."

"तुझंही असेल. डबाभर आहेत. साहेबांच्या बंगल्यातनं निघाली."

त्यानं घड्याळ कानाला लावलं. "पळतंय की," म्हणाला. मग बराच वेळ तसाच, कानाला लावून बसला. आणि मग, मी काही विचारलं नसताना, म्हणाला, "मी न्हाई सांगितलं साहेबाला."

"काय सांगितलं नाहीस?"

त्यानं जुईकडं बघितलं. ती फोन बाजूला ठेवून त्याच्याकडंच बघत होती.

"काय सांगितलं नाहीस, नलवडेमामा?"

"भोंग्याचं," तो म्हणाला.

आणि मग ते सगळं निघालं. त्यानं सांगितलं तसंच लिहितो.

कारखान्यात रीत होती, गेटमधून बाहेर पडताना घड्याळ हातात घ्यायचं आणि भोंग्याला मिळवायचं. सगळं गावच भोंग्याला मिळवायचं. कारखान्याचा भोंगा म्हणजे खरी वेळ, घड्याळ चुकेल पण भोंगा चुकणार नाही, असं प्रत्येकाच्या मनात. कुणाचं घड्याळ भोंग्याच्या पुढं दिसलं की तो म्हणायचा, आपलं पुढं पळतंय, आणि काटा मागं सारायचा. ज्याला त्याला आपलंच घड्याळ बिघडलंय असं वाटायचं. पण बापाच्या समोर सगळी घड्याळं एकत्र लटकत होती. दिवसभर त्याला दुसरं काम काय? त्याच्या ध्यानात आलं की सकाळी भोंगा घड्याळांच्या आधी होतो आणि संध्याकाळी मागनं. एकाचं घड्याळ पुढं पळेल. सगळ्यांची एकाच दिवशी, एकाच बाजूला कशी पळतील? ऑफिसातल्या ज्या घड्याळावर भोंगा वाजवायचे, त्याचे काटे जेवणाच्या सुट्टीनंतर कुणीतरी मागं सारत होतं आणि रात्री परत जागेवर आणत होतं. रोज थोडी थोडी, प्रत्येक माणसाच्या दिवसातली वेळ तुम्ही फुकट घेत होता.

बापानं हे फक्त नलवडेला सांगितलं.

"तुझा बाप म्हणाला, आठवडाभर सगळ्यांना घड्याळं भोंग्याला मिळवू देत न्हाई. घरी रेडिओला मिळवायला लावतो. कारण सांगत न्हाई, न्हाईतर बातमी फुटंल. म्हणतो, कुणाचं घड्याळ मागं पडतंय ते बघायचंय. मग शनिवारी, पगाराला सगळी एकदम गेटवर असत्यात, तवा भोंगा झाला की कपाट उघडतो आणि सगळ्यांना म्हणतो, बघा, आपली घड्याळं काय म्हणत्यात आणि भोंगा काय म्हणतोय. आणि तू पुढं होऊन बोल. मला बोलता येत न्हाई, तुला येतं."

"आणि?"

"आणि कपाट उघडलं तर आत काहीच न्हाई."

"मग माझे आण्णा काय म्हणाले?"

"म्हणाला. बोलला की तो. भोंगा खोटा हाय म्हणाला, म्हणून घड्याळं गेली म्हणाला. माझ्याकडं बघत होता. मी बोलीन म्हणून थांबला होता." नलवडेनं घड्याळ मांडीवर ठेवलं. "मी त्याची कॉलर धरली. म्हटलं, धोंड्या, आधी घड्याळ दे. भोंग्याचं नंतर बघू."

आतून भांड्याचा आवाज आला, नको म्हटलं तरी कुणीतरी चहा टाकला होता.

"नंतर बघितलं?" जुईनं विचारलं.

नलवडेनं काठी जवळ ओढली. दिवाळीला नवीन घड्याळं मिळाली आणि सगळ्यांनी ती गेटमधून बाहेर पडताना भोंग्याला मिळवली. हे मला त्यानं सांगायची गरज नव्हती. आणि त्याच दिवाळीला नलवडे टर्नरचा चार्जमन, म्हणजे खात्याचा मुकादम झाला होता, तेही मला आठवत होतं. आईनं तेव्हा म्हटलं होतं, देवानं त्याचं तरी बरं केलं.

"दुसरी किल्ली होती?" मी विचारलं.

"साहेबाच्या टेबलाच्या खणात. सगळ्या कुलपांच्या असायच्या. मी चार्जमन झाल्यावर बघितली."

"आणि तरी बोलला नाहीस."

"पाय सुजल्यात, वसंता," तो म्हणाला. हे काय उत्तर झालं? पण त्यानं हेच दिलं. मग म्हणाला, "आता लिव. तू लिहितोस म्हणं पेपरात. पण मी गेल्यावर लिव. आणि माझं नाव घालू नको. नातू त्यांच्याच नव्या कारखान्यात हाय."

चहा आला. मी घेतला नाही. जुईनंही घेतला नाही. निघताना मी घड्याळ मागितलं, तर देताना त्याचा हात जरा वेळ त्याच्यावरच राहिला.

तो गेल्या उन्हाळ्यात गेला. म्हणून आता लिहितो आहे. आणि तुम्ही जुन्या कामगारांच्या यादीवर बोट फिरवत बसाल म्हणून सांगतो, नलवडे हे त्याचं नाव नाही. टर्नरही नसेल तो. त्याच्यावर माझा राग नाही असं मी लिहिणार नाही, आहे. पण त्याच्या नातवानं काही केलेलं नाही, आणि बापाला चिकटलेला शब्द पोराच्या हाताला कसा चिकटतो ते मला माहीत आहे. मी तो खेळ पुढं चालवणार नाही.

एक गोष्ट मात्र मला अजून समजत नाही. तुम्ही ती घड्याळं टाकून का दिली नाहीत? नदी काय लांब होती? मला वाटतं, तुमच्यासारख्या माणसाला हातात आलेली वस्तू सोडवतच नाही. दुसऱ्याची असली तर त्याहून नाही. आणि पट्ट्याखाली काय आहे ते बघायची तुम्हाला कधी गरज वाटली नाही, कारण साध्या घड्याळाचा पट्टा बदलायची वेळ तुमच्यावर कधी आलीच नाही.

गेल्या वर्षी तुमच्या सत्काराला मी आलो होतो. मागच्या रांगेत होतो. वक्ते सांगत होते, साहेबांनी ह्या गावाला शिस्त लावली, साहेबांनी ह्या गावाला वेळेची किंमत शिकवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्यानं ओळखलं मला. "धोंडीरामाचा ना तू?" म्हणाला, आणि त्याचा उजवा हात डाव्या मनगटावर गेला. मी माझी बाही वर सारली आणि त्याला माझं घड्याळ दाखवलं. रंगरावचं. रंगरावच्या पोराकडं मी ते घेऊन गेलो होतो. तो म्हणाला, साहेबाकडनं उत्तर येईपर्यंत तुमच्याच हातात असू द्या.

दस्तगीरभाईचा डबा अजून कपाटात आहे. रंग जुळवून बघायचा असेल तर आमच्या न्हाणीच्या बिजागऱ्या आहेत. मला कोर्ट नको, भरपाई नको, कमानीवरचं तुमचं नाव काढा असंही मी म्हणत नाही. एका प्रश्नाचं उत्तर द्या, आणि ते त्याच गेटवर, चार माणसांत द्या. माझा बाप त्या दिवशी तिथं हेच विचारायला उभा होता आणि त्याला कुणी विचारू दिलं नाही.

त्या शनिवारी तुमचा भोंगा झाला, तेव्हा तुमच्या खिशातल्या आमच्या घड्याळांत किती वाजले होते?